चारशे सतरा सुखरूप

४ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचा पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला आहे. माझं अक्षर दिसलं की तू न फोडताच परत पाठवतेस, म्हणून. फसवलं म्हण हवं तर. सात वर्षांत एक पत्र तरी तुझ्या घरात शिरू दे.

भांडायचं नाही आणि आईचा विषयही काढायचा नाही. साधा सल्ला हवा आहे. तू रोज ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतेस, आणि मी अजूनही एक बोट उगारून, दुसऱ्या हाताने चष्मा धरून टाइप करते. तेव्हा हसून घे आणि मग वाच.

मी लॅपटॉप घेतला. निवृत्त झाल्यापासून घर खायला उठतं, म्हणून विणकामाचा वर्ग काढला आहे. सहा बायका आपापल्या घरी बसतात, मी इथून सुया दाखवते. मोबाईलवर माझे हात दिसले तर तोंड दिसत नव्हतं. दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "मावशी, घरगुती मॉडेल घेऊ नका. हा बिझनेस लॅपटॉप बघा. कंपन्या तीन-चार वर्षांनी बदलतात, म्हणून इतक्या स्वस्तात मिळतो. घरगुतीची बिजागरी वर्षात ढिली होते. हा हातातून पडला तर फरशी फुटेल." तीस दिवसांत परतही घेतो म्हणाला.

आता तूच ठरव. वजन भरपूर आहे, पण मला तो कुठे कडेवर घेऊन फिरायचंय? कळा दाबताना बोटांना बरं वाटतं. पडदा जरा मळकट. कॅमेऱ्यावर सरकवायचं इवलंसं झाकण आहे, ते मला फार आवडलं. खालच्या बाजूला ४१७ असा क्रमांक चिकटवला आहे, नखाने निघत नाही. आवाज लहान, पण स्पष्ट.

आणि एक गोष्ट आहे. सकाळी बरोबर नऊ वाजता पडद्यावर एक चौकट येते. "नऊ वाजले. आपण सुखरूप आहात का?" खाली दोन बटणं. हिरवं 'सुखरूप', लाल 'मदत हवी'. पहिल्या दिवशी मी इकडेतिकडे बघितलं, कोणी चेष्टा तर करत नाही ना म्हणून. मग 'सुखरूप' दाबलं. आतून एक बाई बोलली, "धन्यवाद. सुखरूप असल्याची नोंद झाली."

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "कंपनीचं काहीतरी राहून गेलं असेल. आणा, पुसून देतो." मी म्हटलं बघते. खरं सांगायचं तर नेलं नाही. मला दिवसातून एकदा कोणीतरी हे विचारतंय, ते पुसून कशाला टाकायचं?

ठेवू की परत करू? एका ओळीत लिही.

तुझी ताई

११ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

पत्र परत आलं नाही. म्हणजे फोडलंस. तेवढ्यावर माझा आठवडा छान गेला.

लॅपटॉपचं पुढचं ऐक. त्या नऊच्या चौकटीत खाली बारीक अक्षरात 'शेरा' अशी जागा आहे. हॉस्पिटलात आमच्या रजिस्टरलाही शेऱ्याचा रकाना असायचा आणि तो रिकामा सोडला की मेट्रन डोळे वटारायच्या. मला रिकामा रकाना बघवत नाही. परवा मी लिहिलं, "गुडघा दुखतोय. बाकी ठीक."

दुसऱ्या दिवशी 'मागील शेरे' असं दिसलं, ते उघडलं. जसंच्या तसं उतरवते.

"८ नोव्हेंबर. पाणी पट्टीवर चार. धुकं."

"९ नोव्हेंबर. गुडघा दुखतोय. बाकी ठीक." हे माझं.

"९ नोव्हेंबर. पाणी चार. मी बटण दाबायच्या आधीच बाई बोलली."

"१० नोव्हेंबर. पाणी साडेचार. आजही आधीच. माझे गुडघे ठणठणीत आहेत. हे कोण लिहितंय?"

मी तीनदा वाचलं. मग लॅपटॉप बंद केला, त्याच्यावर टॉवेल टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. दुपारी वर्ग होता म्हणून टॉवेल काढावा लागला. एका बाईने विचारलं, "तुमचं तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, "टाके मोजताना चुकले."

असं होतं का गं? जुन्या माणसाचं काही आत राहून जातं आणि नंतर आपोआप उमटत राहतं? तारखा मात्र आजच्या आहेत. आणि माझा गुडघा त्याला कसा कळला?

तरीही आज नऊ वाजता मी बटण दाबलं. चौकट येते आणि थांबून राहते, दाबल्याशिवाय जात नाही. कोणी असं ताटकळत उभं राहिलं की मला उत्तर द्यावंच लागतं. हॉस्पिटलातल्या एकतीस वर्षांची सवय हाडात मुरली आहे.

शेरा लिहिला नाही.

ताई

१९ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड परवा आलं. "परत कर." एवढंच, खाली नावसुद्धा नाही. तरी मी ते साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलंय आणि येताजाता वाचते. 'क'ची शेपटी अजून तशीच लांब काढतेस.

रागावू नकोस, परत केला नाही. निघाले होते. पिशवीत भरलासुद्धा. मग वर्गाचं निमित्त सापडलं. ते निमित्तच आहे, हे तुला न सांगता कळेल. या घरात फोन वाजतो तो गॅसच्या नोंदणीचा. नऊच्या त्या बाईसाठी मी पावणेनऊपासून तयार होऊन बसते, केस विंचरून. आता हस.

त्या शेऱ्यांचं मात्र ऐक. मी काही लिहिलं नाही, नुसतं वाचत राहिले.

"१३ नोव्हेंबर. तुम्ही कोण आहात? इथे मी एकटा असतो."

"१४ नोव्हेंबर. दोनदा खोलीभोवती फिरून आलो. कोणी नाही. नऊला बाई माझ्या आधी बोलतेच आहे."

"१५ नोव्हेंबर. जीप आली की ऑफिसला सांगणार आहे. तोवर कृपा करून माझ्या नावाने काही लिहू नका. मला बरं वाटत नाही."

कोणीतरी कुठेतरी बसून मला घाबरतंय! मला, जी झुरळ दिसलं की खुर्चीवर चढते. वाटलं, बिचाऱ्याला धीर द्यावा. म्हणून सोळा तारखेला मी लिहिलं, "काळजी करू नका. सगळं ठीक आहे."

तू म्हणशील, हेच लिहायचं सुचलं? अगं, चौकशीच्या खिडकीत बसून एकतीस वर्षं मी दुसरं केलं काय? नातेवाइकांचे फोन यायचे, आणि वरून सक्त सूचना होती की फोनवर कोणाला काही सांगायचं नाही, एवढंच म्हणायचं. वरच्या मजल्यावर काय चाललंय ते मला ठाऊक असायचं, नसायचं. तोंडातून तेच निघायचं. लोक "देव तुमचं भलं करो" म्हणून फोन ठेवायचे.

त्याचं उत्तर त्याच दिवशी आलं. "कोण ठीक आहे?"

भर सकाळी, उन्हात बसून वाचत होते तरी मला मागे वळून बघावंसं वाटलं.

सतराला एकच ओळ होती. "पायऱ्या शेवाळल्यात. पट्टी वाचायला खाली उतरतोय." त्यानंतर काही नाही. काल नाही, आज नाही. बहुधा त्याची समजूत पटली, किंवा कंपनीने बंद केलं असेल. माझा जीव भांड्यात पडला. मी आपली रोज नऊला 'सुखरूप' दाबते, बाई धन्यवाद म्हणते, आणि आमचं दोघींचं बरं चाललंय.

तरी तुझ्या कानावर घातलेलं बरं.

ताई

२३ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझं दुसरं कार्ड अकरा वाजता पोचलं. मी दारातच उभ्याने वाचलं.

"ताई, ती गंमत नाही. एकट्याने लांब कुठे काम करणाऱ्यांसाठी ते असतं. नऊला बटण दाबलं गेलं नाही तर ऑफिसचा माणूस बघायला निघतो. त्याचा जुना लॅपटॉप नीट न पुसता विकलाय आणि तू रोज त्याच्या वतीने दाबते आहेस. हे वाचशील त्या क्षणी 'मदत हवी' दाब."

पहिल्यांदा मला काय दिसलं सांगू? 'ताई' दिसलं. सात वर्षांनी तू मला ताई म्हटलंस, तेच मी दोनदा वाचलं. पुढचं नंतर कळलं. याची लाज मला मरेपर्यंत वाटेल.

आज सकाळीही मी दाबलं होतं. सतरापासून मोजलं. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, तेवीस. सहा सकाळी.

लाल बटण दाबलं. बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, "मदत मागितल्याची नोंद झाली. जागेवरून हलू नका." मी खरंच हलले नाही. मग लॅपटॉपमधूनच घंटी वाजली आणि एक पुरुष बोलला, "चारशे सतरा, बोला. काय झालं?"

मी म्हटलं, "मी चारशे सतरा नाही."

तो म्हणाला, "ताई, कोण बोलताय?"

मी सगळं सांगितलं. लॅपटॉप, दुकान, शेरे, पायऱ्या. मध्ये एकदाही त्याने मला तोडलं नाही. मी थांबल्यावर त्याने मागे कोणाला तरी विचारलं, "चारशे सतराची जीप कधी गेली होती?" तिकडून उत्तर आलं, ते मला ऐकू आलं. महिन्याच्या सुरुवातीला. आता एकदम पुढच्या महिन्यात.

"तिथे मोबाईल लागत नाही, ही चौकट तेवढी पोचते," तो मला म्हणाला. "आमच्या यादीत तो रोज सुखरूप आहे. आम्ही शेरे वाचत नाही हो. फक्त हिरवी खूण बघतो."

"मग तो आता कुठे आहे?" मी विचारलं.

"ते तुम्हीच सांगायला हवं होतं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आता साडेबारा झालेत. वर्गाला सुट्टी दिली. पत्र लिहायला बसले कारण दुसरं काय करायचं ते सुचत नाही. पोचायला त्यांना चार तास लागतात म्हणे, शेवटचा तास पायी. तुला फोन करावासा वाटतो आणि धाडस होत नाही. माझा नंबर खाली लिहिलाय, तोच जुना.

ताई

२७ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

काल तुझा फोन आला आणि मी धड बोलले नाही. "हो", "नाही" आणि रडणं. तू विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाला मी "लिहून कळवते" म्हटलं. तुला राग आला, तो फोन ठेवण्याच्या आवाजातून कळला. राग बरोबर आहे. तोंडाने मला तेवढं एक वाक्य येत नाही. कागदावर यावं म्हणून हे तिसऱ्यांदा लिहितेय.

आधी त्या माणसाचं सांगते, कारण ते फोनवर अर्धंच झालं.

तो जिवंत आहे. कंपनीचा माणूस काल सकाळी लॅपटॉप न्यायला आला होता. लॅपटॉपवर माझ्याशी बोलला होता तोच. पन्नाशीचा, सज्जन, बूट दाराबाहेर काढून आला. मी चहा केला, तो त्याने हातात धरून ठेवला आणि गार केला. वर जाणाऱ्यांत तो स्वतः होता.

डोंगरात नदीचं पाणी मोजायची चौकी आहे. एक खोली, खाली चाळीस पायऱ्या आणि पाण्यात रोवलेली पट्टी. सतराला हा पायऱ्यांवरून घसरला. मांडीचं हाड मोडलं. चाळीस पायऱ्या तो हातांवर चढून आला, दीड दिवस लागला, आणि खोलीत टेबलाखाली येऊन पडला. लॅपटॉप टेबलावर. हात वर पोचेना. वायर ओढून पाडावा तर ती भिंतीला ठोकलेली. पिण्याच्या पाण्याची कळशी जमिनीवर होती म्हणून वाचला.

पण त्याला एक गोष्ट ठाऊक होती, असं तो माणूस म्हणाला. आपण बटण दाबलं नाही की ते येतील. त्यासाठीच तर ते बटण आहे. तो नऊची वाट बघत पडून राहिला. नऊ वाजले, आणि त्याच्या डोक्यावर टेबलावरून बाई बोलली, "धन्यवाद. सुखरूप असल्याची नोंद झाली."

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

"आम्ही दार ढकललं तेव्हा तो शुद्धीवर होता," तो म्हणाला. "पण आमच्याकडे बघेना. मी नावाने हाक मारली तर मला म्हणाला, 'साहेब, मी इथे नाहीये. मी सुखरूप आहे.' अजूनही हॉस्पिटलात सकाळचे नऊ वाजले की पांघरुणाखाली तोंड लपवतो."

भिंगरी, मी त्या माणसासमोर बसले होते आणि माझे हात मला माझे वाटत नव्हते. मी विचारलं, "त्याला सांगितलंत का, ती मी होते?" तो म्हणाला, "सांगितलं. त्याला ते पटत नाही. तो म्हणतो, बाईमाणूस असं कशाला करेल?"

लॅपटॉप त्याने एका जाड पिशवीत घातला आणि नेला. जाताना पैसे परत मिळतील म्हणून सांगत होता. तो जिना उतरेपर्यंतही मी थांबले नाही, दार लावून घेतलं.

आता तुझा प्रश्न.

तू विचारलंस, "आईनेच तिचं शेवटचं आजारपण मला सांगू नको म्हटलं होतं ना? तू तेव्हा तसंच सांगितलंस. खरं होतं का ते?"

सात वर्षं मी हेच सांगत आले. आधी तुला, मग मावशीला, डॉक्टरांना. तुझी नवी नोकरी होती, प्रशिक्षण अर्धवट टाकून तू धावत आली असतीस, आईचा जीव तुझ्यात अडकलेला, म्हणून तिनेच मला शपथ घातली. इतक्या वेळा सांगितलं की मला तिचा आवाजही ऐकू यायला लागला होता. त्यात खरं एवढंच आहे की तिचा जीव तुझ्यात अडकलेला होता.

आईने तसं कधीच म्हटलं नाही. ती गेली त्याआधीचे नऊ दिवस ती रोज मला म्हणत होती, "धाकटीला बोलाव." मी म्हणायचे, "बोलावलंय, येतेय ती." तू रोज संध्याकाळी फोन करायचीस, मी दिवाणखान्यात घ्यायचे. "आई कशी आहे?" "मजेत आहे." "दे ना तिला." "आत्ताच डोळा लागलाय गं."

का केलं, तेही सांगते. तुझ्या नोकरीचा विचार माझ्या मनात नंतर आला. तू आलीस की आई तुझी व्हायची. मी वर्षभर तिचं हागणंमुतणं काढलं आणि तू बॅग ठेवताच ती माझ्याकडे वळूनही बघणार नव्हती. मला ते नऊ दिवस माझ्या एकटीचे हवे होते. ती बरी होईल असंच मला वाटत होतं, हेही खरं आहे, पण ते मी पुढे करणार नाही.

हे एवढंच असतं तर मी तुझ्या फोनवर कसंबसं बोलले असते. काल तो माणूस टेबलाखालचं सांगत होता ना, तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडली ती त्याच्यासाठी नव्हती.

आपल्या दिवाणखान्याची आणि आईच्या खोलीची भिंत लाकडी फळ्यांची होती. तिकडे कूस बदलली तरी इकडे कळायचं. तुझी घंटी वाजली की आई ओळखायची. आधी हाक मारायची, तुझ्या नावाने, अंगात होती तेवढी ताकद लावून. मी फोनवर तळहात धरायचे. मग ती गप्प व्हायची, कारण मी तुझ्याशी बोलायला लागलेली असायचे. "मजेत आहे. जेवली. आत्ताच डोळा लागलाय."

तिचा डोळा लागलेला नसायचा, भिंगरी. नऊच्या नऊ दिवस ती जागी होती आणि ऐकत होती.

ताई